रात्री पावणेबाराला बायोडाटा कोण वाचतं?

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात नोकरी शोधणारं पोरगं किंवा पोरगी आहे त्यांनी चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांची मर्जी.

गेल्या गुरुवारी माझ्या शाळेतल्या मित्राचा मुलगा घरी आला. बीई मेकॅनिकल, फर्स्ट क्लास. चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सव्वा वर्ष क्वालिटीत काम केलेलं. मग नोकरी सोडून तीन वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी. दोनदा पूर्व निघाली, मुख्यला राहिला. आता वय २७, मुक्काम बार्शी, आणि चार महिने झाले रोज रात्री मोबाइलवर अर्ज भरतोय. मला म्हणाला, "काका, तुम्ही पेपरवाले, तुम्हाला यातलं कळत असेल. हे बघा." अर्ज पाठवल्याची वेळ रात्री ११ वाजून ३८ मिनिटं. नकाराचा मेल ११ वाजून ४६ मिनिटांनी. त्यात लिहिलेलं की आमच्या टीमने तुमच्या प्रोफाइलचा काळजीपूर्वक विचार केला.

आठ मिनिटांत काळजीपूर्वक विचार, तोही रात्री पावणेबाराला! आमच्या नगरपालिकेत दाखल्याच्या अर्जाला आठ मिनिटांत नुसता शिक्कासुद्धा बसत नाही.

त्याला त्या नकाराचं एवढं वाईट वाटलं नव्हतं. बाकीच्या साठ-पासष्ट अर्जांना तेवढंही उत्तर आलेलं नाही. त्याला लागलं होतं ते घरातलं बोलणं. वडील म्हणतात, एवढ्या कंपन्या नाही म्हणतात म्हणजे तुझ्यातच काहीतरी कमी असणार. वडिलांचंही चुकत नाही. त्यांच्या काळात नकार माणूस द्यायचा. समोर बसवून, चार प्रश्न विचारून, तोंडावर. त्यामुळे साठ नकार म्हणजे साठ माणसांनी पारखून नाकारलं, असा त्यांचा हिशेब. तो हिशेबच आता चुकीचा झालाय, हे सांगायला ही पोस्ट.

आधी हे काय आहे ते साध्या भाषेत. मोठ्या आणि मध्यम कंपन्यांकडे येणारे अर्ज आता थेट एचआरच्या टेबलावर जात नाहीत. मध्ये एक सॉफ्टवेअर असतं, त्याला एटीएस म्हणतात. अर्जांची आवक-जावक सांभाळणारी ही वही समजा. ही वही तीन कामं करते. पहिलं, तुमच्या फाइलमधला मजकूर उपसून नाव, फोन, शिक्षण, अनुभव असे खाने भरते. दुसरं, अर्ज भरताना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तपासते. लगेच रुजू होऊ शकता का? अमुक मशीनवर किती वर्षं काम केलंय? पगाराची अपेक्षा किती? इथं एखादं उत्तर अटीबाहेर गेलं की अर्ज तिथंच संपतो. आठ मिनिटांत आलेला नकार बहुतेक वेळा इथलाच असतो. तिसरं, एचआरवाल्याने शोधलेले शब्द कुणाच्या बायोडाट्यात किती सापडतात ते बघून यादी लावते. दोन हजार अर्ज आले तर एचआरवाला वरचे पन्नास-साठ उघडतो. खालच्यांना कुणी नाकारत नाही. त्यांच्यापर्यंत कुणी पोचतच नाही. साठ अर्जांना उत्तर का नाही, त्याचा बराचसा उलगडा इथं आहे.

आम्ही दोघं उठून एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. याच दुकानात त्याचा बायोडाटा बनवलेला. (या दुकानात लग्नाचा आणि नोकरीचा बायोडाटा एकाच फाइलमधून निघतो. वरचा गणपती काढला की नोकरीचा.) दिसायला झकास. डावीकडे निळी पट्टी, त्यात गोल फोटो, फोन आणि ईमेलची छोटी चित्रं, कौशल्यांपुढे पाचपैकी चार तारे. मी दुकानदाराला म्हटलं, ही पीडीएफ उघड, सगळं सिलेक्ट कर, कॉपी कर आणि नोटपॅडमध्ये पेस्ट कर. जे दिसेल तेच साधारण यंत्राला दिसतं.

पेस्ट केल्यावर पोरगं बघतच राहिलं. निळ्या पट्टीतला मजकूर आणि उजवीकडचा मजकूर एकमेकांत घुसला होता. "क्वालिटी इन्स्पेक्टर"च्या पुढे "क्रिकेट खेळणे, ट्रेकिंग". फोन नंबर पट्टीच्या चित्रातच रंगवलेला, म्हणून तो गायब. तारे तर चित्रंच, त्यांचा पत्ता नाही. म्हणजे व्हर्निअर, मायक्रोमीटर, सीएमएम मशीन हे सगळं ज्याला येतं त्याचा अर्ज कंपनीत पोचला तेव्हा तो फोन नंबर नसलेला, क्रिकेट खेळणारा कुणीतरी होता. सगळीच सॉफ्टवेअर एवढी भोळी नाहीत, नवीन जरा शहाणी झालीत. पण तुमचा अर्ज नव्याकडे गेला की जुन्याकडे, हे तुम्हाला कोण सांगणार?

माझंही ऐका. करोनानंतर आमच्या आवृत्तीची पानं कमी झाली तेव्हा मीही एका मोठ्या कंपनीत मराठी मजकुराच्या संपादकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. शिक्षणाच्या खान्यात यादीतून निवडायचं होतं. त्या यादीत पत्रकारितेची पदविका नव्हतीच. "इतर" निवडलं. वीस वर्षं श्रीलिपीत पानं लावलेला माणूस मी, सीव्हीही श्रीलिपीतच केला आणि पीडीएफ चढवली. फॉर्मने स्वतःहून माझं नाव भरून दाखवलं. कंस, डॉलरची खूण, उलटा स्वल्पविराम, मध्येच एक इंग्रजी एच. जुन्या फॉण्टमध्ये अक्षर फक्त दिसायला मराठी असतं, आत इंग्रजी कळा असतात. हे पेपरात काम करणाऱ्या मला माहीत असायला हवं होतं, तेवढी चूक माझी. पण गंमत बघा. हवा होता मराठीचा संपादक आणि दारावर बसवलेला रखवालदार असा, की मराठी दिसली तर ती वाचता येत नाही हेसुद्धा त्याला सांगता येत नाही. उत्तर आजतागायत आलेलं नाही.

आता इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे चांगला "एटीएस फ्रेंडली" बायोडाटा बनवून घेतला की झालं! त्याचीच दुकानं निघालीत. इन्स्टाग्राम उघडलं की कुणीतरी सुटातला पोरगा ओरडत असतो की ७५ टक्के बायोडाटे माणसाने बघायच्या आतच यंत्र फेकून देतं, माझ्याकडून बनवून घ्या, स्कोअर ९५ ची गॅरंटी. मित्राच्या मुलाने अशाच एकाला साडेचार हजार द्यायचं ठरवलं होतं. तो ७५ टक्क्यांचा आकडा कुठून आला ते जाणकारांनी मागं जाऊन शोधलंय. कुठल्या अभ्यासातून नाही, तर बायोडाटा सुधारून द्यायचाच धंदा करणाऱ्या अमेरिकेतल्या एका कंपनीच्या प्रचारातून. ती कंपनी २०१३ मध्येच बंद पडली. कंपनी गेली, आकडा अजून पोटं भरतोय. आणि स्कोअर कशाचा? प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं, प्रत्येक जागेच्या अटी वेगळ्या. सगळीकडे चालणारा ९५ असा गुण अस्तित्वातच नाही.

या दुकानदारांवर माझा राग फक्त पैशापुरता नाही. यंत्र नावाचा राक्षस उभा करून त्यांनी खरा माणूस नजरेआड केलाय. यंत्राला स्वतःची काही अट नसते. अट कुणीतरी टाकतो. वातानुकूलित खोलीत बसलेला एक माणूस माउसने खूण करतो आणि बार्शी, भूम, परांडा, करमाळ्याची पोरं एका झटक्यात यादीतून उडतात. त्याला ती दिसतही नाहीत, मग पापही लागत नाही.

कोणत्या खुणा? एक म्हणजे ठिकाण. नोकरीच्या पोर्टलवर कंपनीवाल्याला उमेदवार शोधताना सध्याचं राहण्याचं ठिकाण निवडता येतं. त्याने पुणे निवडलं की बार्शी गेली. दोनशे किलोमीटरवरचा पोरगा नोकरी मिळाली तर चाकणला खोली घेणारच आहे. नाहीतर चाकणला राहणारे सगळे काय तिथंच जन्मले का? पण हे विचारायला समोर कुणी नाही. म्हणून आता पोरं मित्राच्या कात्रजच्या खोलीचा पत्ता टाकतात. पहिलं खोटं इथं सुरू होतं.

दुसरी खूण गॅपची. ही सगळ्यात वाईट, आणि महाराष्ट्रातल्या पोरांना जेवढी लागते तेवढी क्वचितच दुसऱ्या कुणाला लागत असेल. आपल्याकडे हजारो पोरं-पोरी तीन, चार, पाच वर्षं स्पर्धा परीक्षेला देतात. जागा शेकड्यात, अर्ज लाखात, कधी जाहिरातच वर्षभर लांबते, कधी निकाल कोर्टात अडकतो. ते काही रिकामे बसलेले नसतात. त्या काळात घटना, अर्थशास्त्र, भूगोल, कायदा तोंडपाठ केलेलं पोरगं परत येतं, तेव्हा सॉफ्टवेअरला दिसते एक मोकळी जागा. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांनी २०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या कंपन्यांचा अभ्यास केला. जवळपास निम्म्या कंपन्या सहा महिन्यांपेक्षा जास्त खंड दिसला की बायोडाटा गाळत होत्या. कारण विचारत नव्हत्या. आजारपण, बाळंतपण, म्हातारी आई, काहीही असो. त्याच अभ्यासात ८८ टक्के कंपन्यांनी कबूल केलं की कामाला लायक असलेली कसबी माणसं केवळ अटींशी तंतोतंत जुळत नाहीत म्हणून आमच्या चाळणीतून बाहेर जातात. हे कंपन्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, मी नाही. तिथलंच एक उदाहरण आहे. काही रुग्णालयं नर्सच्या बायोडाट्यात "कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग" शोधत होती. हवं काय होतं? रुग्णाची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरता येणं. एवढ्यावरून नर्सा गळत होत्या.

आपल्याकडे याचंच भावंड आहे. अर्ध्या महाराष्ट्राने एमएस-सीआयटी केलंय, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलंय आणि बायोडाट्यात एका ओळीत "एमएस-सीआयटी" लिहिलंय. बेंगळुरूत बसून "एक्सेल" शोधणाऱ्या माणसाला आणि यंत्राला त्या पाच अक्षरांत एक्सेल दडलंय हे कळणार कसं?

तर गॅप. परवा त्या मुलाच्या मेव्हण्याने तोडगा सुचवला. पुण्यात एक "कन्सल्टन्सी" आहे, पंचवीस हजारांत तीन वर्षांचं अनुभवपत्र देते. पगाराच्या स्लिपा, रुजू झाल्याचं पत्र, फोन केला तर उचलायला माणूससुद्धा. गॅप गायब. आणि मंडळी, यातली खरी चीड आणणारी गोष्ट ही आहे की ते चालतं. निदान चाळणीपुरतं तरी चालतं. तीन वर्षं अभ्यास केला असं खरं सांगणारा बाहेर, तीन वर्षं कागदी कंपनीत काम केलं असं खोटं सांगणारा आत. पुढे पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सीने पकडलं की नोकरी जाते, नाव काळ्या यादीत जातं, आणि मग एचआरवाले परिषदांमध्ये भाषणं देतात की आजकालची मुलं फार खोटं बोलतात. अरे, खोटं बोलल्याशिवाय उघडत नाही असं दार कुणी बसवलं?

मी त्या मुलाला स्पष्ट सांगितलं, ते अनुभवपत्र घेतलंस तर माझ्या घरी येऊ नकोस. तो म्हणाला, "काका, नाही घेतलं तर मी कुठंच जाऊ शकत नाही." याचं उत्तर माझ्याकडे लगेच नव्हतं.

कंपन्यांचं म्हणणंही ऐकून घेऊ, नाहीतर एकतर्फी होईल. एका जागेला दोन हजार अर्ज येतात, तीन माणसांचं एचआर, कसं वाचणार? बरोबर आहे. हल्ली एक बटण दाबलं की अर्ज जातो, पोरंही न वाचता शंभर ठिकाणी पाठवतात, वेल्डरच्या जागेला एमबीएवाले अर्ज करतात. चॅटजीपीटीने लिहिलेली एकसारखी पत्रं येतात. हे खरं आहे. काहीतरी चाळणी लागणारच. माझा वाद चाळणी असण्याशी नाही. तिची भोकं केवढी हे लपवण्याशी आहे.

दुसरं ते सांगतात की यंत्र निःपक्षपाती असतं, वशिला चालत नाही. इथं मात्र हसू येतं. ॲमेझॉनने २०१४ पासून बायोडाट्याला गुण देणारं यंत्र बनवायला घेतलं होतं. दहा वर्षांचे जुने बायोडाटे त्याला शिकायला दिले. ते बहुतेक पुरुषांचे. यंत्र शिकलं काय, तर बाईमाणूस दिसलं की गुण कापायचे. "महिला बुद्धिबळ क्लबची कप्तान" असं लिहिलं तरी कापायचं. कंपनीला तो प्रकल्प गुंडाळावा लागला, रॉयटर्सने २०१८ मध्ये ती बातमी फोडली. म्हणजे आपण जसे होतो तसंच यंत्र झालं, फक्त वेगाने.

आणि वशिला? तो कुठंही गेलेला नाही. त्याचं नाव आता "रेफरल" आहे. कंपनीत आतला कुणी असेल तर तो तुमचा बायोडाटा सरळ आत देतो, चाळणीच्या वरून. त्याबद्दल त्याला बक्षीसही मिळतं. ज्याचा चुलतभाऊ, सिनिअर, सोसायटीतला काका कंपनीत आहे त्याच्यासाठी एक दार, आणि ज्याच्या घराण्यात पगार घेणारं पहिलंच माणूस आहे त्याच्यासाठी यंत्र. यातली कुठली पोरं कुठल्या दाराने जातात हे बार्शीच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पूर्वी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज होतं. माझ्या वडिलांनी सोलापूरला जाऊन कार्ड काढलेलं, दर काही वर्षांनी नूतनीकरणासाठी रांग. मी त्या काळाचे गोडवे गाणार नाही, तिथंही कारकुनाचा चहा-पाणी हिशेब होताच आणि कॉल येता येता वय निघून जायचं. पण १९५९ च्या कायद्याने एक गोष्ट मान्य केली होती. पंचवीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या खासगी कंपनीनेही आपल्याकडे जागा रिकामी आहे हे सरकारला कळवलं पाहिजे. म्हणजे नोकरभरती ही निव्वळ मालकाची घरगुती बाब नाही, समाजाला त्यातलं काही कळण्याचा हक्क आहे, हे तत्त्व आपल्याकडे साठ-सत्तर वर्षांपूर्वी मान्य होतं. आता पोरगं विचारतंय की मला का गाळलं, तर म्हणे ती कंपनीची अंतर्गत प्रक्रिया.

बाहेर काय चाललंय बघा. युरोपात २०१८ पासून नियम आहे की माणसाच्या आयुष्यावर मोठा परिणाम करणारा निर्णय फक्त यंत्राने घ्यायचा नाही, आणि अपवाद म्हणून घेतलाच तर माणसाने बघावं अशी मागणी करता येते. २०२४ च्या त्यांच्या एआय कायद्यात नोकरभरतीची यंत्रं जास्त धोक्याच्या वर्गात टाकलीत. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून असं यंत्र वापरणाऱ्या कंपनीला दरवर्षी त्याची भेदभावासाठी तपासणी करून घ्यावी लागते आणि उमेदवाराला आधी कळवावं लागतं. अमेरिकेत शिकवणी देणाऱ्या एका कंपनीने ५५ वर्षांवरच्या बायका आणि ६० वर्षांवरचे पुरुष आपोआप गळतील अशी सोय करून ठेवली होती. २०२३ मध्ये तडजोडीत तिला ३ लाख ६५ हजार डॉलर मोजावे लागले. भरतीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या वर्कडे या कंपनीवरच तिथं खटला चालू आहे. शंभरावर नकार मिळालेल्या एका माणसाने तो घातला, आणि २०२५ मध्ये कोर्टाने चाळिशीपुढच्या इतरांनाही त्यात सामील व्हायची वाट मोकळी केली. कंपनी आरोप नाकारते. निकाल काय लागायचा तो लागो, पण निदान "तुमच्या यंत्राने मला का नाकारलं" हा प्रश्न कोर्टात उभा राहू शकतो.

आपल्याकडे वयाची अट जाहिरातीतच छापतात, त्यामुळे यंत्राला दोष द्यायचीही सोय नाही. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मी वाचलाय. त्यात यंत्राच्या निर्णयाविरुद्ध माणसाकडे दाद मागण्याचा युरोपसारखा हक्क नाही. पण एक कलम कामाचं आहे. एखाद्याबद्दल निर्णय घेण्यासाठी त्याची माहिती वापरणार असाल तर ती पूर्ण आणि अचूक राहील याची जबाबदारी माहिती वापरणाऱ्यावर आहे. मग माझ्या मित्राच्या मुलाचा फोन नंबर उडवून, अनुभवात क्रिकेट घुसवून जी माहिती तयार झाली ती पूर्ण आणि अचूक होती का? एखाद्या वकील मित्राने हे कलम घेऊन भिडावं. बातमी मी करतो.

माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये चाकण, रांजणगाव, हिंजवडीचे दहा-बारा एचआरवाले आहेत. त्यातले काही आपल्याच तालुक्याचे आहेत. तुम्हाला जाहीरपणे विचारतो. अर्ज घेताना "ही छाननी सॉफ्टवेअर करतं, अटी अमुक अमुक आहेत" एवढी एक ओळ लिहायला कंपनीचं काय जातं? नकार देताना ठिकाण, गॅप, टक्के, पगार यातल्या कुठल्या खुणेवर गाळलं ते सांगायला काय जातं? सॉफ्टवेअरला ते माहीत असतंच, त्यानेच तर गाळलंय. आणि गाळलेल्या अर्जांतले पंचवीस दर महिन्याला उघडून बघा. त्यात एखादा चांगला निघाला तर तुमच्या चाळणीबद्दल तुम्हालाच काहीतरी कळेल.

आमदार-खासदारांनाही एक विचारणं आहे. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात हे राज्याचं धोरण वर्षानुवर्षं आहे. निवडणूक आली की त्यावर टाळ्या घेता. सवलतीची जमीन आणि करात सूट घेणारी कंपनी सॉफ्टवेअरमध्ये ठिकाणाची कुठली खूण करून ठेवते, हे कधी कुणी विचारलंय का? भूमिपुत्र भाषणात आणि पिनकोडवर बाद, असं चाललंय.

हे होईल तेव्हा होईल. तोवर पोरांनी घरी बसायचं का? नाही. त्या दिवशी आम्ही दुकानात बसून तीन तासांत जे केलं ते सांगतो, फुकट आहे. निळी पट्टी, फोटो, तारे, तक्ते सगळं काढलं. वरून खाली एकच सलग मजकूर, साधा फॉण्ट, फोन आणि ईमेल नावाच्या खाली साध्या अक्षरांत. वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, वैवाहिक स्थिती आणि "वरील माहिती खरी आहे" हा खालचा परिच्छेद उडवला. इंग्रजी अर्ज असेल तर इंग्रजीच, मराठी लिहायचं असेल तर युनिकोडमध्ये. स्कॅन केलेला कागद किंवा मोबाइलने काढलेला फोटो पीडीएफ म्हणून कधीच नाही. जाहिरात शेजारी उघडून ठेवली आणि तिथं जो शब्द आहे तोच शब्द वापरला, अर्थात जे काम खरंच येतं त्यालाच. लघुरूप आणि पूर्ण नाव दोन्ही लिहिलं. एमएस-सीआयटीच्या पुढे एक्सेल, वर्ड, टायपिंगचा वेग. पांढऱ्या अक्षरांत शंभर शब्द लपवायची युक्ती यूट्यूबवर सांगतात, ती करू नका. मजकूर उपसला की ते शब्द उघडे पडतात आणि वाचणाऱ्याला तुम्ही लबाड दिसता.

गॅपवर बरीच चर्चा झाली. शेवटी आम्ही तो भरला. अनुभवाच्या यादीतच, तारखांसकट: राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, दोन वेळा पूर्व परीक्षा उत्तीर्ण. मोकळी जागा ठेवली तर यंत्र काय वाटेल तो अर्थ लावतं, निदान खरा अर्थ आपण लिहून ठेवला. ठिकाणाच्या खान्यात बार्शीच ठेवलं आणि जिथं पसंतीचं ठिकाण विचारतात तिथं पुणे, चाकण, रांजणगाव टाकलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, साठ अर्जांऐवजी पाच अर्ज, आणि त्या पाच कंपन्यांत आपल्या कॉलेजचा, आपल्या गावचा कोण आहे ते शोधून त्याला सरळ फोन. होय, रेफरल. मी वर शिव्या दिल्या तोच. दार तेच उघडं असेल तर आपल्या पोरांनी उन्हात का उभं राहायचं?

पाच अर्ज गेलेत. एकीकडून फोन आलाय, मुलाखत अजून व्हायची आहे, त्यामुळे पेढ्यांचं विचारू नका.

दुकानदाराशी बोलणं झालंय. येत्या रविवारी सकाळी ११ ते २ मी त्याच्या दुकानात बसणार आहे. ज्यांना बायोडाटा तपासून घ्यायचाय त्यांनी पेनड्राइव्ह किंवा मोबाइलमध्ये फाइल आणि ज्या जागेला अर्ज केला त्याची जाहिरात, दोन्ही घेऊन या. प्रिंटचे पैसे तुमचे, चहा माझा. आणि ज्या वडिलांना वाटतं की पोरातच कमी आहे, त्यांनी पोराबरोबर स्वतःही या. नोटपॅडमध्ये पेस्ट करून दाखवतो.